अनधिकृत जोडणी

बोरघरे मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली:
हा तुमचा डोळा, आडवा कापलेला.
थरावर थर.
मी म्हटलं, सदरच्या रस्त्यात खड्डा खणला
की आम्हाला असंच दिसायचं.
वर डांबर, मग मुरूम, मग काळी माती
आणि खाली कुठंतरी ओल.
"हीच ती ओल," त्या म्हणाल्या.

एकतीस वर्षं मी जलप्रदायमध्ये फिटर होतो.
रात्री दोनला, शहर गप्प झाल्यावर,
लोखंडी सळई रस्त्याला टेकवून
दुसऱ्या टोकाला कान लावायचो.
गळती असली की जमीन
दातांतून श्वास घेतल्यासारखी वाजते.
मेंढे म्हणायचा, तुझ्या कानात पाणी आहे लेका.

मॅडम सावकाश समजावतात.
पडद्याच्या मधोमध काही पेशी तहानतात,
तहानल्या की हाक मारतात,
हाकेला नव्या शिरा धावून येतात,
परवानगी नाही, नकाशा नाही,
भिंती कच्च्या. झिरपतात.
मी हसलो. त्यांना वाटलं, घाबरलो.

मला आठवली टाकळीच्या मागची वस्ती.
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री,
मुख्य वाहिनीला भोक पाडून
सायकलच्या ट्यूबनं आवळलेली हिरवी नळी.
अर्धं पाणी गुंडात, अर्धं चिखलात.
आणि सयाबाई उईके, कमरेवर हात ठेवून:
"काप न भाऊ. पण आंधी सांग,
तुमची लाइन आमच्या इकडं कधी येते?"
मी कापली.
पंचनाम्यावर तिचा अंगठा घेतला.
आठ दिवसांनी तिथंच नवी नळी.
या खेपेला दोन.

आता दर महिन्याला धंतोलीत
माझ्या डोळ्यातल्या कापतात.
थेंब, पुन्हा थेंब, मग बधिर,
मग "वर बघा काका".
दुखत नाही फारसं.
औषध आत उतरताना मात्र दिसतं,
विहिरीत पोटॅशचा खडा सोडल्यासारखं
लहरत, पसरत.
शिरा आटतात. महिनाभर.
मग पुन्हा तहान.

उजवा तर आधीच गेला होता.
मी मोतीबिंदू समजून
हिवाळ्याची वाट पाहत बसलो.
त्या पेशींचं काय, विचारलं.
"गळती थांबवता येते, काका.
वाळलं ते वाळलं."
आमच्या रजिस्टरात तसा एक रकाना होता,
लाल शाईचा: कायम बंद.
ग्राहक मयत, घर पाडलेलं.
पाणी सोडलं तरी घ्यायला कुणी नाही.

रत्नमालानं फ्रिजवर चौकटींचा कागद चिकटवलाय,
शेजारी गॅसवाल्याचा नंबर.
रोज सकाळी एकेक डोळा झाकून पाहायचं,
रेघा सरळ का?
डाव्यात मधेच वाकतात,
गाडलेल्या पाइपावर रस्ता खचतो तशा.
उजव्यात, जिथं टिंब असायला हवं,
तिथं काही नाही. काळंही नाही.
काळं असतं तर
काहीतरी दिसलं म्हणता आलं असतं.

डाव्यानं पाहिलं तर तिचं नाक वाकडं.
सांगितलं, तर पालक निवडता निवडता म्हणाली,
"लग्नातही असंच होतं. तुमीच पाह्यलं नाही."
उजव्यानं पाहिलं तर
कानातल्या कुड्या, अंबाडा, हिरव्या बांगड्या,
पालकाच्या दोन जुड्या.
या सगळ्याच्या मधे ती नाही.

मॅडमनी एक युक्ती शिकवली.
जे पाहायचं त्याच्याकडे पाहू नका,
नजर जरा बाजूला टेकवा.
म्हणून मी तिच्या खांद्यामागच्या
कॅलेंडरकडे पाहतो,
आणि चेहरा येतो,
कडेनं, भुरका,
रात्रीच्या चोरट्या पाण्यासारखा,
जेवढा येतो तेवढा.

"कुठं पाहून राह्यले?"
"इकडंच."
पुढची सुई तेवीसला.
ती म्हणते, बावीसला.